अमेरिकन संडे घरी करताना : औषधाच्या दुकानातला पदार्थ, पायरी-पायरीने

आइस्क्रीमवर हाताला लागेल ते ओतलं की झाला संडे, अशी आपल्याकडे समजूत आहे. मेनूकार्डावरच्या फोटोत वेफर, जेली, जेम्सच्या गोळ्या आणि वर एक कागदी छत्री, म्हणजे संडे. अमेरिकेत ज्या काउंटरवर हा पदार्थ घडला तिथे मात्र त्याचा हिशेब चोख होता. काय गरम, काय गार, काय ओलं, काय कोरडं, आणि कशावर काय. तो हिशेब कुठून आला हे कळलं की प्रमाणं पाठ करावी लागत नाहीत, म्हणून कृतीबरोबर इतिहासही सांगतो.

आधी ते दुकान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत औषधाच्या दुकानात सोडा फाउंटन असे. दगडी काउंटर, सोडावॉटरचे नळ, मागे सिरपच्या बाटल्यांची रांग. हे सगळं औषधवाल्याकडेच का? सोडावॉटर मुळात प्रकृतीला चांगलं म्हणून विकलं जाई, आणि कडू औषध गोड सिरपात कालवून देणं हे तर त्याचं रोजचंच काम. 1874 साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन नावाच्या विक्रेत्याने सोड्यात आइस्क्रीम घालून विकलं, आणि पुढे आइस्क्रीम सोड्याची देशभर चलती झाली. आता काउंटरवर आइस्क्रीम होतं, सिरपं होती, फळं होती, सुकामेवा होता. यातून सोडा तेवढा वगळला की उरतो तो संडे.

तो पहिल्यांदा कोणी वगळला यावर गावागावांत भांडण आहे. विस्कॉन्सिनमधलं टू रिव्हर्स म्हणतं, 1881 साली एका गिऱ्हाइकाने एड बर्नर्सकडे आइस्क्रीमवर चॉकलेट सिरप मागितलं, तिथून सुरुवात. इलिनॉयमधलं एव्हन्स्टन म्हणतं, आमच्याकडे रविवारी सोडा विकायला बंदी होती, म्हणून दुकानदारांनी सोड्याशिवायचं आइस्क्रीम पुढे केलं. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाकडे मात्र कागद आहे. 3 एप्रिल 1892 हा रविवार होता. चर्चची प्रार्थना आटोपून पाद्री जॉन स्कॉट हे चेस्टर प्लॅट यांच्या ‘प्लॅट अँड कोल्ट’ या औषधाच्या दुकानात आले. प्लॅट यांनी दोन वाट्यांत व्हॅनिला आइस्क्रीम घेतलं, वर चेरीचं सिरप ओतलं आणि पाकवलेली चेरी ठेवली. दोनच दिवसांनी, 5 एप्रिलला, गावच्या वर्तमानपत्रात ‘चेरी संडे’ची जाहिरात आली. किंमत 10 सेंट. स्पेलिंग तेव्हा वाराचंच होतं, ते पुढे बदललं. टू रिव्हर्सची गोष्ट जास्त गोड आहे, पण छापील पुरावा इथाकाच्या बाजूने असल्यामुळे माझं मत इथाकाला.

पायरी 1 : आइस्क्रीम

सगळ्यात जास्त चुका दुकानातच होतात. डबा उचलण्याआधी त्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’ ते बघा. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. ते वितळताना जिभेवर मेणचट थर राहतो आणि गरम सॉसखाली तो जास्तच जाणवतो.

मग वजन बघा. आइस्क्रीम घोटताना त्यात हवा जाते, आणि किती हवा चालेल याला कायद्याने हद्द घातलेली आहे. अमेरिकेत साध्या आइस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश हवा आणि एका गॅलनचं वजन किमान साडेचार पौंड, म्हणजे लिटरमागे सुमारे 540 ग्रॅम. आपल्याकडचा नियमही याच्या जवळपासच आहे, 10 टक्के स्निग्धांश आणि लिटरला किमान 525 ग्रॅम. डब्यावर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतील तर भागाकार करा. लिटरला 525–550 ग्रॅम भरत असेल तर निम्म्याच्या आसपास हवाच विकत घेताय. अशा आइस्क्रीमवर गरम फज (चॉकलेटचा दाट सॉस) पडलं की गोळा बसतो आणि खाली फेसाचं तळं होतं. 650च्या पुढे असेल तर उत्तम.

चव व्हॅनिला. यात मी तडजोड करत नाही. सॉस बोलणार आहे, त्याला बोलू द्यावं. बनाना स्प्लिटचा अपवाद पुढे येईलच.

पायरी 2 : गोळा

घरच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीम उणे 18 अंशांच्या आसपास असतं. स्कूप नीट चालतो तो उणे 13–14 अंशांना. म्हणून काढण्याआधी डबा 10 ते 15 मिनिटं खालच्या फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवू नका. तिथे कडा वितळतात आणि मधला भाग दगडच राहतो. त्याच वेळी काचेचे ग्लास किंवा वाट्या फ्रीझरमध्ये सरकवा. अमेरिकेत संडेचा ग्लास ट्यूलिपच्या फुलासारखा, वर पसरट आणि खाली निमुळता असतो. तो दिसायला छान आहेच, शिवाय वितळलेला सगळा ऐवज तळाच्या अरुंद भागात गोळा होतो आणि लांब चमच्याने निपटून खाता येतो. घरात तसा ग्लास नसेल तर फालुद्याचा उंच ग्लास हेच काम करतो.

आता हत्यार. खटका दाबला की पात्याने गोळा सुटतो तो एकहाती स्कूप पिट्सबर्गच्या अल्फ्रेड क्राल या कृष्णवर्णीय तरुणाने शोधला. औषधाच्या दुकानात आणि हॉटेलात हमालीचं काम करताना, एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन चिकटलेल्या आइस्क्रीमशी झुंजणारे नोकर तो रोज बघत होता. 2 फेब्रुवारी 1897 रोजी त्याला पेटंट मिळालं. या जातीच्या स्कूपवर आजही आकडा असतो, त्याचा अर्थ एका क्वार्टमध्ये, म्हणजे सुमारे 946 मिलिलिटरमध्ये, तसे किती गोळे बसतात. 16 नंबर म्हणजे जेमतेम 60 मिलिलिटरचा गोळा. आकडा मोठा तितका गोळा लहान. एका माणसाच्या संडेला 16 नंबरचे दोन गोळे पुरेत. तिसरा घालाल तर सॉसचं प्रमाण बिघडतं.

स्कूप कोमट पाण्यात बुडवा, पण मग जोरात झटका. पाणी राहिलं तर गोळ्यावर बर्फाची कुरकुरीत साल धरते आणि सॉस तिच्यावरून घसरतो. स्कूप खुपसायचा नाही. पृष्ठभागावरून ओढत न्यायचा, म्हणजे आइस्क्रीम पापुद्र्यासारखं गुंडाळत येतं. दाबून भरलेला गोळा घट्ट होतो आणि चमचा आत शिरत नाही.

पायरी 3 : सॉस

इथे खरं काम आहे, म्हणून इथे रेंगाळतो.

*इथाकाच्या वळणाचं चेरी सिरप.* मे-जूनमध्ये काश्मीर-हिमाचलच्या चेरी येतात तेव्हा 250 ग्रॅम घ्या आणि बिया काढा. 100 ग्रॅम साखर आणि पाव वाटी पाणी घालून मंद आचेवर 8–10 मिनिटं शिजवा. फळं मऊ पडली पाहिजेत, विरघळता कामा नयेत. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. हे पूर्ण गार करूनच वापरायचं, कारण या संडेत गरम काही नाही. त्याची मजा थंडावर थंड आणि गोडावर आंबट यात आहे.

बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळते त्या लालभडक ‘चेरी’बद्दल एक गंमत. ती बहुतेकदा करवंदं पाकवून, रंगवून केलेली असते. अमेरिकेतली संडेवरची चेरीही काही फार सोवळी नाही. मूळची माराशिनो चेरी एड्रियाटिक समुद्राच्या काठची, मद्यात मुरवलेली. अमेरिकेत 1920च्या दशकात ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयातल्या अर्नेस्ट वीगंड यांनी खारवणीत मुरवून फळ टणक ठेवायची पद्धत बसवली. त्या खारवणीत चेरीचा रंग उडतो, मग साखर, रंग आणि अर्क भरायचा. तेव्हा वर करवंद ठेवलंत तरी अपराधी वाटून घेऊ नका.

*हॉट फज.* याचं श्रेय सहसा लॉस एंजेलिसच्या सी. सी. ब्राउन्स या दुकानाला देतात. 1906 साली सुरू झालेलं हे दुकान 1929 मध्ये हॉलिवूड बुलेव्हार्डवर आलं आणि 1996 पर्यंत चाललं. तिथे फज आइस्क्रीमवर ओतून देत नसत, छोट्या जगमध्ये वेगळं देत. गिऱ्हाईक थोडं ओती, खाई, पुन्हा ओती. घरी हीच पद्धत ठेवा, कारण शेवटच्या घासालाही गरम-गार मिळतं.

फज आणि चॉकलेट सिरप यांत गल्लत करू नका. सिरप म्हणजे कोको, साखर, पाणी. ते गार झालं तरी पातळच राहतं. फजमध्ये क्रीम, लोणी आणि खरं चॉकलेट असतं, त्यामुळे थंड आइस्क्रीमला टेकताच ते आळतं, चिवट होतं, दाताला हलकं चिकटतं. तो चिवटपणा हाच फजचा प्राण.

चार जणांसाठी : 150 मिली फ्रेश क्रीम, 100 ग्रॅम डार्क चॉकलेट, 50 ग्रॅम साखर (शक्यतो ब्राउन), 2 मोठे चमचे कोको, 2 मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज, 25 ग्रॅम लोणी, पाव लहान चमचा मीठ, थोडा व्हॅनिला इसेन्स. लोणी खारं असेल तर मीठ वगळा. क्रीम, साखर, ग्लुकोज, कोको आणि निम्मं चॉकलेट जाड बुडाच्या पातेल्यात घेऊन ढवळत उकळी आणा. मग आच अगदी मंद करून 5 मिनिटं शिजू द्या, ढवळणं चालू. खाली उतरवून उरलेलं चॉकलेट, लोणी, मीठ, इसेन्स घालून चकाकी येईपर्यंत घोटा. ग्लुकोज साखरेचे खडे धरू देत नाही. ते नसेल तर मध चालतो, फक्त त्याचा वास राहतो. गूळ घालायचा मोह होईल, पण गुळाने गरम क्रीम फाटण्याची भीती असते.

फज जमलं का ते बघायला एक ताटली फ्रीझरमध्ये गार करा आणि तिच्यावर एक थेंब टाका. ताटली तिरकी केल्यावर थेंब सावकाश सरकला, धावला नाही, तर झालं. धावला तर आणखी 2 मिनिटं शिजवा. तूप सुटल्यासारखं दिसू लागलं तर एक चमचा गरम दूध घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा ते पुन्हा जुळून येतं. वाढताना बोट बुडवलं तर सोसेल इतकंच गरम हवं. उकळतं ओतलंत तर गोळ्याला भगदाड पडेल.

पायरी 4 : फेटलेलं क्रीम

फजला वापरलेलं साधं फ्रेश क्रीम 25 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांशाचं असतं, ते कितीही घुसळलं तरी उभं राहत नाही. निदान 35 टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम आणा. भांडं आणि रवी किंवा बीटरची पाती आधी गार करा, 200 मिलीला 2 लहान चमचे पिठीसाखर घाला, आणि बीटर उचलल्यावर टोक येऊन किंचित वाकलं की थांबा. पुढे गेलात तर लोणी येणार, हे सांगायला आपल्याला पुस्तक नको. डब्यातलं वनस्पती तेलाचं ‘व्हिप टॉपिंग’ छान उभं राहतं, पण चवीला मला ते साबणाच्या फेसाइतपतच वाटतं.

पायरी 5 : रचना

ग्लासच्या तळाला एक चमचा सॉस. ही पायरी घरोघरी गाळली जाते आणि मग शेवटचे चार चमचे नुसत्या पांचट दुधाचे निघतात. त्यावर पहिला गोळा, थोडा सॉस, दुसरा गोळा, पुन्हा सॉस. एका गोळ्याला दीड ते दोन मोठे चमचे. मग क्रीम, क्रीमवर सुकामेवा, अगदी वर चेरी. सुकामेवा क्रीमखाली घातला की ओला होऊन मऊ पडतो. तो आधी कढईत कोरडा भाजून पूर्ण गार केलेला असावा आणि त्याला चिमूटभर मीठ लावलेलं असावं. या मिठाचं मोल पुढच्या प्रकारात कळेल.

ग्लास काठोकाठ भरू नका. बोटभर जागा सोडा, नाहीतर पहिला चमचा घालताच निम्मा ऐवज बशीत.

नावाजलेले चार प्रकार

*टिन रूफ.* नेब्रास्कातलं पॉटर हे चिमुकलं गाव. तिथल्या औषधाच्या दुकानात 1930च्या दशकात मालकाच्या मुलाने, ‘पिंकी’ थेयरने, हा केला आणि दुकानाच्या पत्र्याच्या छतावरून नाव पडलं असं सांगतात. व्हॅनिला, चॉकलेट सॉस आणि लाल सालीचे खारे शेंगदाणे, एवढाच मामला. मराठी घराला यापेक्षा सोपा संडे नाही. शेंगदाणे सालासकट भाजलेले हवेत. सालीचा किंचित तुरटपणा आणि मीठ चॉकलेटचा गोडवा आवरून धरतात. कूट मात्र नको. अख्खे किंवा अर्धे.

*डस्टी रोड.* चॉकलेट सॉसवर माल्ट पावडर चाळणीने भुरभुरायची, धुळीच्या रस्त्यासारखी. माल्ट पावडर म्हणजे काय, तर आपलं साधं हॉर्लिक्स. आपल्याला ते आजारपणातलं दूध म्हणून ठाऊक, पण हॉर्लिक बंधूंनी त्याचा धंदा 1873 साली शिकागोत सुरू केला, काही वर्षांतच तो विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी नेला, आणि माल्टेड मिल्क सोडा फाउंटनवर भरपूर खपत असे. चॉकलेट चवीचं घेऊ नका. वाढण्याच्या क्षणीच भुरभुरा, दोन मिनिटांत ते ओलं होऊन गोळे धरतं.

*टर्टल.* फज आणि कॅरॅमल दोन्ही, वर पेकान. पेकान महाग पडतात, अक्रोड घ्या. गोडावर गोड असल्यामुळे इथे मीठ थोडं वाढवा.

*बनाना स्प्लिट.* पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब गावच्या औषधाच्या दुकानात डेव्हिड स्ट्रिकलर या तरुणाने 1904 साली केला असं मानतात. ओहायोतलं विल्मिंग्टन 1907चा दावा सांगतं. मध्य अमेरिकेची केळी तोवर बोटींनी स्वस्तात येऊ लागली होती, म्हणून हे जमलं. तेव्हाचं केळं ग्रो मिशेल जातीचं होतं. आज जळगावहून येतं ते कॅव्हेंडिश गटातलं, लांबीला अगदी योग्य. वेलची केळ्याचा इथे उपयोग नाही. केळं पिवळं हवं, पण काळे ठिपके पडण्याआधीचं. उभं चिरून दोन फाका लांबट बशीत कडेला ठेवा, मध्ये ओळीने व्हॅनिला, चॉकलेट, स्ट्रॉबेरीचे गोळे. रूढ पद्धतीत चॉकलेट सॉस व्हॅनिलावर, स्ट्रॉबेरीचा चॉकलेटवर आणि अननसाचा स्ट्रॉबेरीवर जातो. मला यातला अननस फार आवडतो, कारण बाकी सगळ्या गोड गर्दीत आंबट तो एकटाच. डब्यातला घेतलात तर पाक निथळून, थोडं लिंबू पिळून घ्या.

काउंटरवर कोण बसे

1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती. गुत्ते बंद झाले, लोक सोडा फाउंटनकडे वळले, आणि ॲन्हायझर-बुश, युएंगलिंगसारख्या मद्य कंपन्याही आइस्क्रीम बनवू लागल्या. प्रेमी जोडपी, शाळेतून परतणारी पोरं, चर्चमधून येणारी कुटुंबं, सगळ्यांना बसता येईल असा गावचा कट्टा म्हणजे हे काउंटर, असं चित्र रंगवलं जातं.

पण ‘सगळ्यांना’ हे खरं नव्हतं. अनेक गावांत कृष्णवर्णीयांना पदार्थ विकत मिळे, स्टुलावर बसायला मिळत नसे. 19 जुलै 1958 रोजी कॅन्ससमधल्या विचिटा शहरात डॉकम या औषधाच्या दुकानात कृष्णवर्णीय विद्यार्थी काउंटरवर जाऊन बसले. मागितलेलं मिळालं नाही तरी उठले नाहीत, पुन्हा पुन्हा येत राहिले. तीनेक आठवड्यांनी दुकानाने हार मानली. ग्रीन्सबरोचं गाजलेलं बैठा सत्याग्रहाचं आंदोलन 1960चं, म्हणजे याच्या नंतरचं. संडेच्या इतिहासात हे पान सहसा गाळलं जातं.

पुढे घरोघरी फ्रीझर आले, औषधाची दुकानं स्वयंसेवेची झाली आणि फाउंटन मावळले. 1940 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला ‘डेअरी क्वीन’ या आइस्क्रीम-साखळीचं पहिलं दुकान उघडलं होतंच. तिथे यंत्रातून थेट निघणारं मऊ आइस्क्रीम, स्कूपची गरजच नाही. संडे काउंटरवरून गाडीत आला. आज बेसबॉलच्या मैदानावर तो संघाच्या छोट्या प्लॅस्टिक हेल्मेटमध्ये मिळतो आणि पोरं हेल्मेटं जमवतात. न्यूयॉर्कच्या ‘सेरेंडिपिटी 3’ या रेस्टॉरंटने 2004 साली सोन्याचा वर्ख लावलेला 1,000 डॉलरचा संडे काढला. वर्खाला चव नसते हे आपल्या मिठाईवाल्यांनाही ठाऊक आहे.

दहा-बारा जणांसाठी

अमेरिकेत चर्च आणि शाळांमध्ये ‘आइस्क्रीम सोशल’ भरवतात. लांब टेबल, मध्ये आइस्क्रीम, भोवती वाट्या, ज्याने त्याने आपला संडे रचायचा. वाढदिवसाला हे आपल्याकडेही छान जमतं. फक्त ऐन वेळी स्कूप करत बसू नका. आदल्या रात्री बटर पेपर घातलेल्या ताटात गोळे काढून फ्रीझरमध्ये ठेवा आणि ते कडक झाले की झाकून टाका. बारा जणांना 24 गोळे, म्हणजे दीड लिटर आइस्क्रीम. दोन लिटर आणा. फजचं वरचं प्रमाण तिप्पट करा आणि पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा. सॉस दोनच ठेवा, एक गरम, एक गार आंबट. सहा ठेवलेत तर पोरं सहाही ओततात. टेबलावर गोळ्यांचं ताट एका वेळी एकच आणा, ते संपलं की दुसरं.

उरलेलं फज स्वच्छ कोरड्या बरणीत फ्रीजमध्ये 8–10 दिवस टिकतं. ते दगडासारखं घट्ट होईल, घाबरू नका. झाकण काढून मायक्रोवेव्हमध्ये 15–15 सेकंद गरम करत, दर वेळी ढवळत सैल करा. मायक्रोवेव्ह नसेल तर बरणी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग कोमट पाण्यात ठेवा, नाहीतर काच तडकेल.